माठावरचं फडकं

यंदा कडुलिंब फुलला आणि त्याच आठवड्यात टँकरही सुरू झाला. दारातल्या झाडाखाली बारीक पांढऱ्या फुलांचा थर बसलेला असतो. त्यावरून टँकर जातो आणि डिझेल, तापलेला पत्रा, सांडलेलं पाणी, लिंबाची फुलं अशा सगळ्याचा मिळून एक वास अंगणात येतो. ज्यानं बीड जिल्ह्यात उन्हाळे काढलेत त्याला हा वास सांगावा लागत नाही.

आता घरात नळ आहे. तोटी चकचकीत आहे. तिला पाणी कधी येईल हे मात्र गावात कोणी छातीठोक सांगत नाही. त्यामुळं साठवण काही सुटलेली नाही. तेव्हा घागरी होत्या, आता निळी पिंपं आहेत, एवढाच फरक. टँकरचा हॉर्न वाजला की मी हातातलं काम ठेवते, माठावरचं फडकं सोडते आणि दारात जाऊन उन्हाकडं धरून बघते. मुलगी विचारते, एवढं काय बघतेस त्यात? मी सांगते, तुझ्या आत्याचं लग्न.

त्या उन्हाळ्याला आमच्या घरात कोणी दुष्काळाचा उन्हाळा म्हणत नाही. सुजाताच्या लग्नाचा उन्हाळा म्हणतात. सुजाता माझी धाकटी नणंद. स्थळ घाटनांदूरचं, मुलगा नोकरीला, माणसं बोलायला गोड. तारीख बुद्धपौर्णिमेच्या जवळची धरली. पत्रिका छापून आल्या आणि गावचा शेवटचा बोअर गचके द्यायला लागला. आधी नुसतं पाणी यायचं, मग थोडं पाणी थोडी हवा, मग सगळी हवाच. ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर गावात परतली होती, म्हणजे पिणारी तोंडं वाढली नेमकी तेव्हाच. मग टँकर सुरू झाला.

टँकर घरोघरी पाणी देत नसे. शाळेजवळच्या विहिरीत तो मोकळा व्हायचा आणि आम्ही ते परत शेंदून काढायचो. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. वर असलेलं पाणी खाली ओतायचं आणि दोर लावून परत वर आणायचं. पण एकदम सगळ्यांना वाटायला दुसरी सोयही नव्हती. त्या विहिरीवर दोन कप्प्या होत्या, एक वरच्या गल्लीच्या अंगाला आणि एक आमच्या वस्तीच्या अंगाला. कोणी कुठली वापरायची असा नियम नव्हता, सवय होती. त्या उन्हाळ्यात टँकर मोकळा होताना जी कप्पी रिकामी दिसेल तिच्यावर जो तो दोर टाकायचा. दुष्काळानं केलेलं हे एक काम मी त्याच्या जमेला धरते.

विहिरीच्या काठावरचा तो गोंगाट मला अजून आवडतो. पाइपातून पाणी पडताना तळातून गार वारा वर यायचा. तोंडावर तो घ्यायला बाया उगाच कठड्यावर वाकून राहायच्या. कोणाची घागर आधी, यावरून भांडणं व्हायची आणि घागर डोक्यावर चढली की तीच बाई तिच्याच भांडखोर शेजारणीशी बोलत घरी जायची. वजन डोक्यावर असलं की माणसाला जास्त वेळ रागावता येत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

मला हिशेबाची खोड आहे. एका घागरीचे किती तांबे, आंघोळीला किती, भांड्यांना किती, म्हशीला किती, हे मी मनात मांडत असते. लग्नाचंही मांडलं. उन्हातून आलेला माणूस आल्या आल्या दोन ग्लास पितो, जेवताना दोन, निघताना एक. लहान पोरं अर्धं पितात आणि अर्धं सांडतात, म्हणजे त्यांनाही मोठ्यांएवढंच धरायचं. आकडा निघाला तो मी घरात सांगितला. यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि परत घातली. पण टँकरवाल्याशी बोलून वाढीव खेपेची सोय झाली. पाणी किती, हा प्रश्न सुटला. पाणी कसं, हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

तो विचारायला लावला शेजारच्या वाडीतल्या एका लग्नानं. वरच्या गल्लीतल्यांच्या सोयऱ्यांचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वऱ्हाडाची पोटं बिघडली. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या होत्या, असं बघून आलेले सांगत. माणसं सगळी बरी झाली. मग आठवडाभर चर्चा चालली. कोणी आचाऱ्याला बोललं, कोणी उन्हाला, बहुतेक सगळे पाण्याला.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. ही बातमी ऐकून त्यांनी जेवणाचं ताट अर्ध्यावर सरकवलं.

"त्यायच्या लग्नात झालं तं लोकं म्हनले पानी खराब," त्या म्हणाल्या. "आपल्या दारात झालं तं पान्याचं नाव न्हाई घेनार, सुमन. आपलं घेत्याल."

त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हतं. आमच्या लग्नकार्यात वरच्या गल्लीतली माणसं यायची, मांडवात बसायची, आहेर करायची. बऱ्याच जणांना मात्र नेमकी तेव्हाच तहान लागलेली नसायची. कोणाचा उपास असायचा, कोणी आत्ताच पिऊन आलेला असायचा. कोण प्यालं आणि कोण नाही, हे आत्याबाईंना प्रत्येक कार्याचं तोंडपाठ होतं. ते त्या कोणाला बोलून दाखवत नसत. आता सुजाताच्या लग्नात पाणी बाधलं असतं, तर पुढच्या वीस वर्षांच्या उपासांना कारण मिळालं असतं. आणि सुजाता सासरी जाणार ती वऱ्हाडाला आजारी पाडणाऱ्या घरची म्हणून.

गावच्या आशाताई मंगल. आत्याबाईंनी तिला बोलावून घेतलं. तिच्याकडं तपासणीच्या बोटाएवढ्या बाटल्या होत्या, आत औषध वाळवून बसवलेलं. बाटलीत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात पोट बिघडवणारं काहीतरी आहे. उबदार जागेची आम्हाला वैशाखात कमतरता नव्हती. आमच्या माठातलं पाणी भरून बाटली फडताळात ठेवली. आत्याबाई निर्धास्त होत्या. बाटली ठेवायला त्यांनी जागा केली ती चहाच्या डब्याशेजारी, पाहुण्याला द्यावी तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली काळी झाली होती. शाई ओतल्यासारखी.

आत्याबाईंचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांच्या स्वच्छतेवर आमच्या वस्तीत गोष्टी सांगत. पाणी नाही म्हणून तांबे कोरड्या राखेनं घासायच्या, तरी त्यात तोंड दिसायचं. माठात कोणी हात घातलेला त्यांना खपत नसे. लांब दांड्याचं ओगराळं खुंटीला असे, घरातला मोठा माणूसही ते वापरल्याशिवाय पाणी घेऊ शकत नसे. माठाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. पाणी त्यातून गाळल्याशिवाय माठात जात नसे. आणि बाटली काळी.

"बाटलीच खराब आसंल," त्या म्हणाल्या. "न्हाई तं टँकर."

इथं मला दूध संस्थेचे बप्पा आठवले. बप्पा वरच्या गल्लीतले, गावच्या दूध संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर उभे राहून सगळ्या गावाचं दूध मापून घ्यायचे. कधी गाडीवरून निरोप यायचा, तुमचा कॅन नासला. मग बप्पा कोणावर ओरडत नसत. ते मागं मागं जायचे. गाडीत कॅन उन्हात होता का? कॅन सोड्यानं धुतला होता का? माप कुठं ठेवलं होतं? मग घरं. दूध कुठून कुठं गेलं ती वाट धरून उलटं चालायचं, जिथं बिघडलं ती जागा सापडतेच, असं त्यांचं म्हणणं. मला ते नेहमी पटायचं, कारण हिशेब चुकला की मीही तेच करते. शेवटच्या बेरजेशी डोकं फोडण्यात अर्थ नसतो, मागं जावं लागतं.

मंगलकडं आणखी बाटल्या होत्या. आम्ही पाण्याच्या वाटेनं उलट्या निघालो. एका बाटलीत टँकरच्या पाइपाचं पाणी, एकीत विहिरीतलं, एकीत विहिरीवरून नुकत्याच भरलेल्या घागरीतलं. फडताळात आता बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकीवर मी भाकरीच्या पिठाची खूण केली, कारण शाई पुसली जात होती. सुजाता येता-जाता विचारायची, "वैनी, माझ्या लग्नाचा निकाल लागला का?" हळदीच्या आधी नवरीचं लक्ष आरशाकडं असतं, हिचं फडताळाकडं.

निकाल लागला. टँकर स्वच्छ. विहीर स्वच्छ. घागरही स्वच्छ. म्हणजे बिघाड घागर आणि माठ यांच्यामध्ये कुठंतरी होता. घागर आणि माठ यांच्यामध्ये आमच्या घरात एकच गोष्ट होती.

पाणी शुद्ध राहावं म्हणून विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकत, तिचा वास पाण्याला यायचा. आत्याबाईंना तो अजिबात आवडत नसे. पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणायच्या. म्हणून त्या घागरी अंगणात उघड्या ठेवायच्या. दुपार झाली की वास उडून जायचा आणि मग त्या पाणी गाळून माठात भरायच्या. मंगलनं सांगितलं, वास उडतो म्हणजे औषधच उडतं. राखण करणारा निघून गेल्यावर पाणी जायचं ते फडक्यातून. आणि ते फडकं सगळा उन्हाळा धुतलेलं नव्हतं. पिळून, झटकून, सावलीत वाळत टाकायचं, तेही धड वाळायच्या आत परत माठावर. फडकं धुवायचं म्हणजे घागरीतलं दोन-तीन तांबे पाणी जाणार. ते आत्याबाई वाचवत होत्या. सगळ्या घरानं वाचवायचं ठरवलं होतं, त्यांनी सगळ्यात जास्त वाचवलं. दुष्काळात घर चालवणाऱ्या शहाण्या बाईनंच करावी अशी ही चूक. पाणी न मोजता फडकं धुणारीच्या हातून ती झालीच नसती.

आम्ही एक माठ फडक्याशिवाय भरून परत तपासला. तो स्वच्छ निघाला. आत्याबाईंनी फडक्याची गाठ सोडली. ते त्यांच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, धोतराचं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाकी धोतर कधीच विरून गेलं होतं, हा एवढा तुकडा राहिला होता. त्या दारात गेल्या आणि फडकं उन्हाकडं धरून बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

"तुमीच होता व्हय," त्या फडक्याला म्हणाल्या. "जित्तेपनी बी आंगोळीचा कंटाळाच तुमाला."

सुजाता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग आत्याबाईही हसल्या आणि चुलीवर पातेलं चढलं. फडकं उकळलं, साबणानं धुतलं, परत उकळलं आणि कडक उन्हात दोरीवर गेलं. त्या पाण्याचा हिशेब मी विचारला नाही. निवल्यावर ते लिंबाच्या बुडाशी ओतलं. तेव्हाचं ते रोप म्हणजेच आता दारातला हा लिंब. त्या उन्हाळ्यात गावात दोनच गोष्टी हिरव्या होत्या, तो लिंब आणि सुजाताच्या हातातल्या बांगड्या.

घरच्या माठाचं झालं. लग्नाच्या पाण्याला मात्र मोठी, झाकणाची, साफ भांडी हवी होती. मांडवाच्या दुकानात भाड्याची पिंपं होती, पण आधी त्यांत काय होतं हे सांगायला तिथं कोणी तयार नव्हतं. मला परत बप्पा आठवले. अर्धी जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध आटलेलं. संस्थेच्या ओट्यावर घट्ट झाकणाचे कॅन पालथे पडून होते. मी आणि आत्याबाई मागायला गेलो. बप्पांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तुमी काय मागताय कळतंय का?" ते म्हणाले. "दूध संस्थेच्या कॅनात पानी! सारा जनम लोकं मला तेच म्हनत आलेत, आन् आता मी गावादेखत गाडीत भरून धाडू?"

तिथं बसलेली माणसं खो खो हसली. एकजण म्हणाला, "दे की बे बप्पा, येकदा तरी खरं बोलू दे कॅनाला." आत्याबाई हसल्या नाहीत. माझ्या लेकीच्या लग्नात कोणाच्या पोटात दुखू नये एवढंच मला पाहिजे, असं त्यांनी सरळ सांगितलं. बप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, मग कॅनांकडं. आमच्या म्हशीचं दूध ते इतकी वर्षं वरच्या गल्लीच्या दुधातच ओतत आले होते. एकाच कॅनमध्ये. दूध एकत्र आणि पाणी वेगळं, ही गोष्ट माझ्या हिशेबात कधी बसली नाही. त्या दिवशी बप्पांच्या हिशेबातही ती बसेना, असं मला वाटलं. माझा तो अंदाज आहे, त्याचा पुरावा नाही.

"माप बी न्या," ते शेवटी म्हणाले. "हात बुडवू देऊ नका कोनाला. आन् सोडा मी स्वतः लावतो, माझा कॅन नासला आसं कोनी म्हनता कामा नये."

लग्नाच्या दिवशी सकाळी बैलगाडीतून कॅन विहिरीकडं निघाले. गावानं जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. फॅट किती लागली, भाव काय मिळणार, म्हैस कुठल्या जातीची. बप्पा गाडीमागं मान ताठ ठेवून चालत होते. टँकरच्या पाइपाखालीच कॅन भरले, म्हणजे मधले विहीर आणि दोर टळले. मंगलनं क्लोरीनचे थेंब मोजून टाकले, झाकणं लावली. मांडवात कॅन सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. प्रत्येक कॅनजवळ लांब दांड्याचं दुधाचं माप घेऊन एक माणूस. पाणी मिळेल ते मापानं, वरून ओतून. पाहुणे येत आणि म्हणत, अर्धा लिटर द्या हो. एक म्हातारे पाहुणे दोनदा म्हणाले की म्हशीचंच पाहिजे.

बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साडीत सुजाता अशी दिसत होती की वस्तीतल्या बायांनी दुष्काळाचा विषय काढला नाही. फुलं पडली, टाळ्या झाल्या. मग पंगतीआधी सगळा मांडव कॅनकडं वळला. वरच्या गल्लीतली माणसं एका कडेला उभी होती. मी आत्याबाईंकडं बघत होते आणि आत्याबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

बप्पा पुढं झाले. त्यांनी माप घेणाऱ्याला बाजूला केलं, झाकण उघडून नाक आत घातलं, दुधाचा वास घेतात तसा घेतला. मग ग्लास भरून घेतला, प्यायले, आणि परत भरून घेतला. मागच्याला म्हणाले, "बघतो काय बे? संस्थेचा कॅन हाय. माझ्या कॅनावर इस्वास न्हाई का?" आता कॅनवर विश्वास नाही असं दूध घालणाऱ्या माणसाला म्हणता येईना. ग्लास पुढं यायला लागले. बप्पा कॅनसाठी प्यायले की आमच्यासाठी, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. रात्री झोपताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "बप्पा पिला. दोनदा."

पाणी शुद्ध करणारं यंत्र, योजना, टाक्या, पाइप हे सगळं पाहिजेच. त्यासाठी भांडायला मी ग्रामसभेत पुढं असते. पण विहिरीपासून तोंडापर्यंतची वाट प्रत्येक घराला आपली आपण चालून बघावी लागते, आणि तीही उलटी. आपल्याला जिथं काही चुकत नाही याची सगळ्यात जास्त खात्री असते, तिथं जरा जास्त थांबावं. आमच्याकडं आता माठ भरणं, फडकं उकळणं, ओगराळं खुंटीला लावणं हे सगळं मुलीच्या हातात गेलंय. ती ते फोनवर गाणी ऐकत करते. चालेल.

पण लग्नाचा हिशेब त्या रात्री पूर्ण झाला नव्हता. पोट बिघडायला वेळ लागतो. वऱ्हाड घाटनांदूरला पोचलं, दुसरा दिवस गेला, आत्याबाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मंगल गावातली घरं फिरून आली, सगळे बरे होते. तरी घाटनांदूरची खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सुजाताच्या सासूबाई होत्या. आत्याबाईंनी फोन कानाला इतका घट्ट धरला की पलीकडचं मलाही ऐकू आलं. लेक कशी आहे, रुळली का, जेवते का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

"समद्यायची पोटं बरी हायत का?"

पलीकडं बाई हसल्याचा आवाज. पोटं सगळ्यांची बरी आहेत, त्या म्हणाल्या, पाण्याचं तर सगळं वऱ्हाड कौतुक करतंय. पण तुमची लेक काही साधी नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेली आणि आमच्या माठावरचं फडकं सोडून चुलीत घातलं.

आत्याबाईंच्या खांद्यावरून इतक्या दिवसांचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी बघितलं. मग एकदम सावध होऊन त्यांनी सुजाताला फोनवर बोलावून घेतलं आणि सासरी गेलेल्या लेकीशी त्यांचं पहिलं बोलणं झालं ते असं:

"कावून जाळलंस गं? चांगलं फडकं व्हतं. उकळलं आसतंस तं काय झालं आसतं?"